एका घरातील दोन मते

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारयाद्या तयार होऊ लागल्या, तेव्हा उत्तर आणि मध्य भारतातील गावोगावी नोंदणी करणाऱ्या कारकुनांपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. घरातील स्त्रिया आपले नाव सांगेनात. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगून त्या दाराआड होत, आणि कारकूनही तसेच लिहून घेत. देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत, असा दंडक घातला. प्रत्येकीने स्वतःचे नाव सांगितले पाहिजे. न सांगितल्यास ती यादीत राहणार नाही. याचा परिणाम असा झाला की सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणींची नावे यादीतून गळाली. त्यांपैकी बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या राज्यांतल्या होत्या.

२८ लाख ही किंमत थोडी नव्हे. तरीही सेन यांचा आग्रह अनाठायी होता, असे म्हणता येणार नाही. मत घराण्याचे नाही, कुटुंबप्रमुखाचे नाही, ते एकेका माणसाचे आहे, हे तत्त्व राज्यघटनेने कागदावर मांडले होते; मतदारयादीत ते उतरविण्याचे काम या दंडकाने केले. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे. मतदार आडोशामागे जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. त्या आडोशामागे सासरा नव्हता, नवरा नव्हता, जमीनदारही नव्हता. एका घरातून दोन मते दोन दिशांना जाण्याची सोय या देशात प्रथमच झाली.

ही सोय सामान्य घरांनी कशी वापरली, याची नोंद सहसा सापडत नाही. गुप्त मतदानाचा हेतूच तो. शिवाय इतिहासाची साधने मोठ्या घरांनाच धार्जिणी असतात. त्यामुळे मतभेदाची जी घरे उजेडात आली, ती पुढाऱ्यांची. त्यांवरून सगळ्या देशाविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. परंतु मतभेद घरात शिरला म्हणजे नेमके काय ताणले जाते, हे त्यांवरून चांगले दिसते.

आचार्य जीवतराम कृपलानी आणि सुचेता कृपलानी यांचे घर हे त्यांतले पहिले ठळक उदाहरण. १९३६ साली झालेला हा विवाह गांधीजींना आरंभी मान्य नव्हता. स्वातंत्र्याच्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष असलेले कृपलानी १९५१ मध्ये पक्षातून बाहेर पडले व त्यांनी किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. १९५२ मध्ये सुचेताबाई त्याच पक्षाच्या वतीने नवी दिल्लीतून निवडून आल्या. पुढे त्या काँग्रेसमध्ये परतल्या आणि १९५७ मध्ये त्याच मतदारसंघातून काँग्रेसच्या उमेदवार म्हणून विजयी झाल्या. आचार्य त्याच वर्षी बिहारमधील सीतामढीहून प्रजासमाजवादी पक्षातर्फे लोकसभेत आले. काही काळ पतिपत्नी एकाच सभागृहात समोरासमोरच्या बाकांवर बसत. ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळाविरुद्ध स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वासाचा ठराव लोकसभेत आला, तो आचार्यांनी मांडलेला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. त्यानंतर दोन महिने उलटण्याच्या आत, २ ऑक्टोबर १९६३ रोजी, सुचेताबाई काँग्रेसतर्फे उत्तर प्रदेशाच्या मुख्यमंत्री झाल्या. देशातल्या त्या पहिल्या स्त्री मुख्यमंत्री. संसार मात्र मोडला नाही.

केरळातील जोडप्याला हे साधले नाही. के. आर. गौरी आणि टी. व्ही. थॉमस हे दोघेही १९५७ च्या पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते आणि त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. १९६४ मध्ये पक्ष दुभंगला. थॉमस जुन्या पक्षात राहिले, गौरी मार्क्सवादी पक्षात गेल्या. १९६७ च्या निवडणुकीनंतर नंबुद्रिपाद यांच्या आघाडीच्या मंत्रिमंडळात दोघेही आले, पण दोन वेगळ्या पक्षांचे प्रतिनिधी म्हणून. १९६९ मध्ये ती आघाडी मोडली. पुढे थॉमस सत्तेत आणि गौरी विरोधात, अशी स्थिती झाली. त्यांचे सहजीवनही त्या दुभंगातून सावरले नाही. दोन विरोधी पक्षांतले मतभेद घराला सोसतात. एका पक्षाची फाळणी झाली म्हणजे ते सोसणे कठीण होते, असे यावरून वाटते. फुटलेल्या पक्षात दुसरी बाजू ही विरोधक राहत नाही, फितूर ठरते.

मराठी वाचकाला मात्र या संदर्भात जे घर सर्वांत आधी आठवावे, ते ग्वाल्हेरचे. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडहून निघालेले शिंद्यांचे घराणे उत्तरेत 'सिंधिया' झाले, तरी ग्वाल्हेरच्या दरबाराशी मराठी सरदारांचे नाते तुटले नव्हते. शेवटचे राज्यकर्ते महाराज जिवाजीराव यांचा विवाह १९४१ मध्ये सागरच्या ठाकूर घराण्यातील लेखा दिव्येश्वरी देवी यांच्याशी झाला. सासरी त्यांचे नाव विजयाराजे झाले. लोक त्यांना राजमाता म्हणू लागले ते महाराजांच्या १९६१ मधील मृत्यूनंतर.

या घराचा राजकीय इतिहास एका मतदारसंघावरून सांगता येतो. तो मतदारसंघ गुना. १९५७ मध्ये विजयाराजे येथून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आल्या. १९६२ मध्ये काँग्रेसतर्फेच, परंतु ग्वाल्हेरहून. १९६६ मध्ये ग्वाल्हेरला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी त्यांचे बिनसले. १९६७ मध्ये त्या पुन्हा गुना येथे आल्या, स्वतंत्र पक्षाच्या चिन्हावर. आणि त्याच वेळी करैरा विधानसभा मतदारसंघातून जनसंघाच्या चिन्हावर. दोन्हीकडे विजयी झाल्यावर त्यांनी लोकसभेची जागा सोडली व काँग्रेसचे ३६ आमदार फोडून मिश्रांचे मंत्रिमंडळ पाडले. रिकाम्या झालेल्या गुन्याच्या जागेवर पोटनिवडणुकीत निवडून आले ते आचार्य कृपलानी. त्या वेळी सुचेताबाई उत्तर प्रदेशातील गोंडा येथून काँग्रेसच्या खासदार होत्या. दोन दुभंगलेल्या घरांची गाठ अशी एका मतदारसंघात पडावी, हा योगायोगच.

१९७१ मध्ये गुना राजमातांचे पुत्र माधवराव यांच्याकडे आले. वय अवघे २६. तिकीट आईच्या पक्षाचे, म्हणजे जनसंघाचे. इंदिरा गांधींची लाट देशभर उसळलेली असताना भिंडला राजमाता, गुना येथे माधवराव आणि ग्वाल्हेरला अटलबिहारी वाजपेयी असे तिघेही निवडून आले. घर आणि पक्ष एकच असण्याचा तो अखेरचा प्रसंग.

आणीबाणीत राजमाता तिहारच्या तुरुंगात होत्या. माधवराव नेपाळमध्ये, सासुरवाडीच्या देशात. १९७७ ची निवडणूक जाहीर झाली तेव्हा आई जनता पक्षाच्या बाजूला होती आणि मुलगा गुना येथे अपक्ष म्हणून, काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभा होता. त्याच्यासमोर आझाद हिंद सेनेचे कर्नल गुरबक्षसिंग धिल्लन होते. जनता लाटेत मध्य प्रदेशात काँग्रेसच्या पदरी छिंदवाड्याची एकच जागा पडली. माधवराव मात्र विजयी झाले. जानेवारी १९८० मध्ये तर या दुभंगाने कळस गाठला. रायबरेलीत इंदिरा गांधींविरुद्ध जनता पक्षाच्या उमेदवार होत्या राजमाता, आणि गुना येथे इंदिरा गांधींच्या पक्षाचे उमेदवार होते माधवराव. आई दीड लाखांहून अधिक मतांनी हरली. मुलगा जिंकला.

या भांडणात विचारसरणी किती आणि वाडा किती, हा प्रश्न ग्वाल्हेरमध्ये तेव्हाही विचारला जाई. माधवरावांच्या बाजूचे लोक राजमातांचे सल्लागार सरदार संभाजीराव आंग्रे यांच्याकडे बोट दाखवीत. दुसऱ्या बाजूला, आणीबाणीत आईला सोडून गेलेला मुलगा, हा ठपका होता. मालमत्तेचे वाद न्यायालयापर्यंत गेले. आई राणीमहालात, मुलगा जयविलासमध्ये, अशी वाटणी झाली. कृपलानींच्या घरात असे काही नव्हते. त्यांना मूल नव्हते आणि सांभाळायची दौलतही नव्हती; त्यांचा मतभेद शेवटपर्यंत मतभेदच राहू शकला. वारसा असलेल्या घरात मत हे केवळ मत राहत नाही. मुलगा दुसऱ्या चिन्हावर उभा राहिला, एवढ्याने घराण्याची गादी, देवघर, दफ्तर, सारेच कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो.

आणि तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पाव शतकाच्या या वैरात मायलेक एकाही मतदारसंघात समोरासमोर उभे राहिले नाहीत. १९८४ हा कसोटीचा क्षण होता. ग्वाल्हेरहून वाजपेयी उभे होते; अर्जाच्या अखेरच्या घटकेला काँग्रेसने तेथे माधवरावांना उभे केले. राजमाता तेव्हा भारतीय जनता पक्षाच्या उपाध्यक्ष होत्या व राज्यसभेच्या सदस्य. त्यांच्या पक्षाचा सर्वांत मोठा नेता त्यांच्याच नगरीत त्यांच्याच मुलाविरुद्ध लढत होता. शेजारच्या भिंडमध्ये त्यांची कन्या वसुंधराराजे भाजपच्या उमेदवार होत्या. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत वाजपेयी पावणेदोन लाखांच्या फरकाने पडले, वसुंधराराजेही हरल्या. पुढच्याच वर्षी राजमातांनी स्वहस्ते मृत्युपत्र लिहिले आणि आपले अंत्यसंस्कार मुलाने करू नयेत, असे त्यात नमूद केले.

मतदारांनी या घराचा पेच आपल्या परीने सोडविला होता. त्या मुलखात 'महल' हा शब्द जणू एका पक्षाचे नाव असल्यासारखा वापरला जाई. माधवरावांनी गुना सोडून ग्वाल्हेर धरले होते. १९८९ मध्ये राजमाता गुना येथून भाजपतर्फे उभ्या राहिल्या. एका जिल्ह्यात आईसाठी कमळ, लगतच्या जिल्ह्यात मुलासाठी हात. दोघेही निवडून आले, आणि राजस्थानातील झालावाडहून वसुंधराराजेही. घराने नकाशा वाटून घेतला आणि लोकांनी त्या वाटणीवर शिक्का मारला. हे लोकशाहीला शोभणारे होते का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. सेन यांनी ज्या मध्य भारतात बायाबापड्यांना 'आपले नाव सांगा' म्हणून बजावले होते, त्याच मुलखातील मतदार पक्षाचे नाव बाजूला सारून घराण्याचे नाव पाहत होता.

१९८९ पासूनच्या निवडणुका अटीतटीच्या होऊ लागल्या. त्या वर्षी काँग्रेसला १९७, जनता दलाला १४३ आणि भाजपला ८५ जागा मिळाल्या. कोणालाही बहुमत नव्हते. १९९१, १९९६ आणि १९९८ मध्येही नव्हते. पूर्वी लाटेत कुठल्या तरी दोन-तीन जागा इकडच्या तिकडे झाल्याने दिल्लीचे काही बिघडत नसे. आता एकेका जागेचे मोल वाढले, आणि त्याबरोबर घरातल्या दुभंगाचेही. १९९६ मध्ये माधवराव काँग्रेसबाहेर पडून स्वतःच्या मध्य प्रदेश विकास काँग्रेसतर्फे निवडून आले. १९९८ मध्ये काँग्रेसतर्फे पुन्हा, पण ग्वाल्हेरच्या मतदाराने या वेळी हात आखडता घेतला. ज्यांनी वाजपेयींना पावणेदोन लाखांनी पाडले होते, ते जेमतेम २६ हजारांनी तरले.

त्या बाराव्या लोकसभेत गुन्याहून आई, ग्वाल्हेरहून मुलगा आणि झालावाडहून मुलगी असे तिघेही सदस्य होते. भाजपच्या १८२ जागांत मायलेकींच्या दोन, काँग्रेसच्या १४१ मध्ये मुलाची एक. वसुंधराराजे वाजपेयी मंत्रिमंडळात परराष्ट्र खात्याच्या राज्यमंत्री होत्या, माधवराव समोरच्या बाकांवरचे अग्रणी. १७ एप्रिल १९९९ रोजी विश्वासदर्शक ठरावावर मते मोजली गेली: बाजूने २६९, विरुद्ध २७०. सरकार एका मताने पडले. देशाचे एवढे मोठे पारडे एका मताने कलते, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले वाक्य त्या दुपारी खरे झाले.

पुन्हा निवडणूक आली. राजमातांची प्रकृती खालावली होती. त्या उभ्या राहिल्या नाहीत. माधवरावांनी ग्वाल्हेर सोडले आणि ते गुन्याला परत आले. ज्या मतदारसंघाने दीड वर्षापूर्वी आईला कमळावर निवडून दिले होते, त्याने मुलाला हातावर निवडून दिले. त्यांनी सोडलेले ग्वाल्हेर भाजपकडे गेले.

२५ जानेवारी २००१ रोजी राजमातांचे दिल्लीत निधन झाले. मृत्युपत्रातला तो मजकूर नंतर वृत्तपत्रांतून गाजला, मृत्युपत्राचा वाद न्यायालयात गेला; परंतु ग्वाल्हेरला चितेला अग्नी दिला तो माधवरावांनीच. त्या दिवशी ते गुन्याचे खासदार होते.