लघवीची नळी : त्रास कशाचा, उपाय कोणता?

प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास पुष्कळदा लघवीची नळी, म्हणजेच कॅथेटर, तशीच ठेवून घरी सोडले जाते. घरी आल्यावर पहिली तक्रार बहुधा एकच असते : नळी असूनही सारखी लघवीची भावना होते. नळी तुंबली असावी अशा समजुतीने रुग्ण कुंथू लागतो आणि त्रास अधिकच वाढतो.

याचे कारण नळीच्या रचनेत आहे. अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फोले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नळीच्या टोकाशी एक फुगा असतो. नळी निसटू नये म्हणून तो मूत्राशयात निर्जंतुक पाण्याने फुगवितात. एरवी त्यात सुमारे १० मिलिलिटर पाणी असते. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर ते याहून अधिक असू शकते. हा फुगा मूत्राशयाच्या तळाशी टेकला की मूत्राशय रिकामे असूनही भरल्यासारखे वाटते, स्नायू आकुंचन पावतात, ओटीपोटात कळ येते आणि प्रसंगी नळीच्या बाजूने लघवी झिरपते. पिशवीत लघवी उतरत असेल, तर नळी तुंबलेली नाही. अशा वेळी जोर न करता अंग सैल सोडावे. कळ बहुधा थोड्या वेळात ओसरते.

नळी जितकी ओढली जाईल तितका हा त्रास अधिक. म्हणून ती मांडीला पट्टीने बांधावी, मात्र पाय हलविता येईल इतकी सैल ठेवावी. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीवर टेकता कामा नये. जमिनीवर अंथरूण घालून झोपण्याची सवय असलेल्यांनी तेवढे दिवस खाटेवर झोपणे सोयीचे. उकिडवे बसून शौचास जाण्याऐवजी कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरावी. बद्धकोष्ठता हे कळा वाढण्याचे एक कारण असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. कुंथल्यामुळे लघवीत थोडे रक्तही दिसते. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार नसल्यास दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी प्यावे.

मूत्रमार्गाच्या तोंडाशी होणारी जळजळ स्वच्छतेने कमी होते. दिवसातून दोनदा साबण-पाण्याने धुणे पुरेसे आहे. पावडर वा जंतुनाशक द्रावणाने उलट दाह होतो. धुताना मागे घेतलेली शिश्नाची त्वचा आठवणीने पुढे आणावी, अन्यथा सूज येते.

कळा असह्य असल्यास डॉक्टर ऑक्सिब्युटिनिन किंवा टोल्टेरोडिनसारखी औषधे देतात. त्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते आणि वृद्धांमध्ये प्रसंगी गोंधळलेपणा येतो. काचबिंदू असल्यास आधी सांगावे. शेजाऱ्याच्या सल्ल्याने प्रतिजैविके घेण्याची आपल्याकडील प्रथा येथे निरुपयोगीच.

पिशवीत चार तास लघवी न उतरणे, ओटीपोट ताणून दुखणे, रक्ताच्या गाठी, थंडी वाजून ताप येणे यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. नळी स्वतः ओढून काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. फुगलेल्या फुग्यामुळे मूत्रमार्ग फाटू शकतो. रुग्णालयात आधी फुग्यातील पाणी सिरिंजने काढून घेतात व मग नळी सहज बाहेर येते. त्यानंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळते. मात्र चार ते सहा तासांत लघवीच झाली नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे.