मागची बाजू कोण बघतं?

आजच्या भागाचं निमित्त म्हणजे एक अर्ज. माझी भाची नववीत आहे आणि विद्यार्थ्यांसाठीच्या हातभरतकामाच्या एका स्पर्धेत तिला उतरायचंय. अर्जाबरोबर कामाचे दोन फोटो मागितलेत, एक पुढून आणि एक मागून. त्याखाली एक ओळ आहे, नक्षी स्वतःची असावी. तिचा फोन आला, "मावशी, मागे गाठी दिसल्या तर मार्क कापतात का गं?" नक्षीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. नक्षी तिनं नेटवरून घेऊन ट्रेस करून ठेवलीसुद्धा होती.

मला हसू आलं. कारण सातवीत आम्ही वेगळं काय केलं होतं? पांढरा रुमाल, कोपऱ्यात बदक. बाईंनी कार्बन ठेवून सगळ्या वर्गाला एकच बदक उमटवून दिलं. परीक्षक आल्या, रुमाल पालथा केला, मागून अंगठ्यानं चाचपला आणि मला दुसरं बक्षीस मिळालं. बदक कुणाच्या मनातलं, हे कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच.

तर मुलींचं सुईकाम तपासताना नक्की काय तपासतात? हात, की डोकं? हा प्रश्न धरून मी वाचत गेले आणि थेट स्कॉटलंडला पोचले. पण आधी थोडं इंग्लंड.

१८६२ साली तिथं शाळांच्या सरकारी अनुदानाचे नियम बदलले. इन्स्पेक्टर येणार, मुलांची परीक्षा घेणार आणि निकालावर शाळेचे पैसे ठरणार. मुलींच्या बाबतीत आणखी एक अट होती, त्यांना साधं शिवण शिकवलंच पाहिजे. साधं म्हणजे भरतकाम नव्हे बरं का. धावदोरा, तुरपाई, काजं, रफू, ठिगळ. या शाळांत येणाऱ्या मुली गरिबाघरच्या. पुढे कुणाच्या तरी घरी कामाला लागतील किंवा स्वतःच्या घरचे कपडे सांधतील, हा हिशेब. मग पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं बारीक टाके घालायचे, तेही अगदी लहान वयात. टाके मोजता येतात, सरळ आहेत का ते दिसतं. तपासणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार?

याच काळात ग्लासगोजवळ पेझ्ली नावाचं गाव शालींसाठी प्रसिद्ध होतं. काश्मिरी शालींवरची कोयरी तिथल्या मागांवर इतकी विणली गेली की इंग्रजीत कोयरीचं नावच 'पेझ्ली' पडलं. आपली कोयरी, नाव त्यांच्या गावाचं! असो. तिथल्या विल्यम रोवट या शाल-उत्पादकाची मुलगी जेसी. ती ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, १८८९ साली तिथलेच संचालक फ्रान्सिस न्यूबेरी यांच्याशी तिचं लग्न झालं आणि १८९४ साली तिनं त्या कॉलेजात भरतकामाचा वर्ग सुरू केला.

जेसी न्यूबेरींनी दोन गोष्टी केल्या. एक, महागडं रेशीम हवंच हा हट्ट सोडला. जाडंभरडं लिनन, फ्लॅनेल, आपण ज्याला मांजरपाट म्हणू तसलं न धुतलेलं सुती कापड, त्यावर कापडाचेच तुकडे लावून कडेनं भरीव टाका. असे लिननचे गुलाब त्या वर्गाची ओळख बनले. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नक्षी काढणारा एक आणि टाके घालणारी दुसरी, ही वाटणी त्यांनी नाकारली. जी भरणार तिनंच नक्षी आखायची. आज आपल्याला हे साधं वाटतं, पण तेव्हा बायका छापील नमुने विकत आणून त्यावर भरत, आणि मोठ्या कार्यशाळांत चित्रकाराच्या आराखड्याबरहुकूम हात चालवत.

न्यूबेरींच्या हाताखाली तयार झाल्या ॲन मॅकबेथ. १९०१ पासून त्यांच्या मदतनीस, १९०८ साली विभागप्रमुख. या बाई मला फार आवडल्या. त्यांनी कलाशाळेतला हा विचार प्राथमिक शाळेत नेला. शाळेतल्या शिक्षिकांसाठी शनिवारी वर्ग भरत, आणि आठवडाभर पोरींना पांढऱ्यावर पांढरं शिकवणाऱ्या बाया शनिवारी स्वतः रंगीत दोरा घेऊन बसत. १९११ साली मॅकबेथ आणि मार्गारेट स्वॉन्सन या शिक्षिकेनं मिळून एक पुस्तक काढलं, 'एज्युकेशनल नीडलक्राफ्ट'. त्यात सहा वर्षांच्या मुलीला काय द्यायचं? जाड कापड, रंगीत दोरा आणि मोठे टाके. कारण त्या वयात डोळे आणि बोटं बारीक कामाला तयार नसतात. शिवाय टाका दिसला तरच मूल त्याच्याशी खेळेल. धावदोऱ्याची एक ओळ घातली, शेजारी दुसऱ्या रंगाची घातली, की झाली नक्षी सुरू. शिवण जिथं पडते तिथंच सजावट, वेगळं चित्र आणून चिकटवायचं नाही. म्हणजे काजं करायला शिकणारी मुलगी त्याच दिवशी आखायलाही शिकते.

आता कुणी म्हणेल, शाळेतल्या शिवणाच्या तासाचं एवढं काय? तर १९१० सालचं एक काम ऐका. मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या आणि तुरुंगात उपोषण केलेल्या ऐंशी स्त्रियांच्या सह्या. कापडाच्या तुकड्यांवर प्रत्येकीची सही दोऱ्यानं भरलेली, आणि ते तुकडे जोडून एकच मोठा निशाण-पडदा. त्याचा आराखडा मॅकबेथबाईंचा. १८ जून १९१० रोजी लंडनच्या मोर्चात तो मिरवला गेला. जरा विचार करा, सही ही एकच नक्षी अशी आहे की जी दुसऱ्याची गिरवली तर खोटी ठरते. पूर्वी शाळेत मुली कापडावर अक्षरं भरत, ती बाराखडी गिरवण्यासाठी. इथं त्याच कौशल्यानं ऐंशी जणींनी आपलं नाव सांगितलं.

गोष्टीचा पुढचा धागा, अक्षरशः धागा, पुन्हा पेझ्लीला जातो. शालींची चलती ओसरली तशी ते गाव दोऱ्याचं झालं. कोट्स आणि क्लार्क ही दोन घराणी. क्लार्कांच्या कारखान्याचं नाव अँकर. हो, तोच अँकर! आपल्याकडे दुकानात "अँकरची लच्छी द्या" म्हणतो ना, तो. १९३४ साली जे. अँड पी. कोट्स कंपनीच्या पैशातून स्कॉटलंडच्या चार कलाशाळांसाठी एक योजना निघाली. ग्लासगो, एडिंबरा, अॅबर्डीन आणि डंडी. देशोदेशीचं उत्तम भरतकाम गोळा करायचं आणि विद्यार्थ्यांना हातात घेऊन बघायला द्यायचं. दोरा खपावा हा स्वार्थ त्यात होताच, नाकारून काय उपयोग? पण नकला करायला छापील नमुने वाटण्याऐवजी त्यांनी अस्सल कापडं फिरवली, हे विशेष. युद्धात योजना थांबली, १९४४ साली परत सुरू झाली आणि १९६१ साली बंद झाली तेव्हा तीन हजारांच्या वर नमुने जमले होते. ते मग संग्रहालयांत आणि कलाशाळांत वाटले गेले.

कापड हातात आलं की माणूस काय करतो? उलटून बघतो. त्याशिवाय दोरा कुठून कुठे गेला ते कळत नाही. म्हणून मागच्या बाजूची मी उगाच बदनामी करणार नाही. आपल्या शेजारची कसूती घ्या, धारवाडकडची. इरकल लुगड्याच्या पदरावर ती तुम्ही पाहिली असेल. तिच्यातले गवंती आणि मुर्गी हे टाके दोन्हीकडून सारखे दिसतात आणि गाठ मारायचीच नाही असा रिवाज. धावदोरा एका दिशेनं जातो, परत येताना मोकळ्या जागा भरतो. आता जिनं ती गोपुरं, ते हत्ती धागे मोजत मोजत बसवले, छापाशिवाय, तिला मागून निघालेला दोरा कुठे परतणार हे आधीच ठरवावं लागतं. तिथं मागची बाजू म्हणजे आखणीच असते. माझ्या बदकाच्या मागे असलं काही नव्हतं, नुसती स्वच्छता होती.

हे सगळं भाचीला फोनवर सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे गाठ मारू की नको?" मी म्हटलं, "आधी काय काढणार ते ठरव." मग चार दिवस शांतता. परवा तिनं फोटो पाठवला. त्यांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, तिच्या पाइपांना साखळी टाका, आणि वर बसलेली तीन कबुतरं, त्यातलं एक अर्धंच. मागून तीन ठिकाणी दोरा लोंबतोय. पाइप कोपऱ्यात वळतो तिथं साखळी तुटते, ती कशी वळवायची हे तिला विचारायचंय, आणि ते मलाही येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर कळवा. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.

भेटू पुढच्या भागात.