उत्पादन दायित्व विमा : नरखेड तालुका

विकलेल्या वस्तूतील दोषामुळे वापरणाऱ्याचा जीव गेला, त्याला इजा वा आजार झाला किंवा त्याच्या अन्य मालमत्तेचे नुकसान झाले, तर उत्पादकावर वा विक्रेत्यावर येणारी भरपाई आणि बचावाचा कायदेशीर खर्च विमा कंपनीने ठरलेल्या मर्यादेपर्यंत सोसण्याचा करार. भारतात हा विमा ऐच्छिक आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर आलेल्या सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ ने घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकांना विमा सक्तीचा केला, पण ती सक्ती हाताळणीतील अपघातापुरती आहे. माल दुकानातून ग्राहकाच्या हाती गेल्यावर जी हानी होते, तिच्यासाठी विमा घ्यायचा की नाही हे व्यावसायिकाच्या इच्छेवर सोडलेले आहे.

नागपूर जिल्ह्याचा नरखेड तालुका वर्धा नदीच्या खोऱ्यात, एका अंगाला अमरावतीचा वरूड तालुका आणि दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेशातील पांढुर्णा यांच्या शेजारी आहे. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव या बाजारगावांचा व्यवहार संत्रा, मोसंबी, कापूस आणि सोयाबीनभोवती फिरतो. कृषी केंद्रात विकले जाणारे बियाणे, कीटकनाशक आणि फवारणी पंप, रोपवाटिकेतील कलमे, घरोघरी पोचणारे गॅस सिलिंडर आणि फळांपासून केलेले खाद्यपदार्थ हा या नोंदीचा विषय आहे. कास्तकाराची नेहमीची तक्रार, म्हणजे बियाणे उगवले नाही, कलम फळले नाही, ही या विम्याच्या कक्षेत येत नाही. जी हानी कक्षेत येते, त्या विषबाधेच्या प्रकरणांत भरपाईचा मुद्दा उत्पादकापर्यंत फार क्वचित पोचतो. तालुक्याच्या दृष्टीने या विमाप्रकाराचे खरे महत्त्व या तफावतीत आहे.

कायदेशीर आधार

ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३२ साली स्कॉटलंडमधील एका खटल्यात, उत्पादकाशी थेट करार नसलेल्या ग्राहकालाही भरपाई मागता येते असे ठरवले. भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या सहाव्या प्रकरणाने, म्हणजे कलम ८२ ते ८७ ने, उत्पादन दायित्वाला स्वतंत्र स्थान दिले. ते जुलै २०२० पासून लागू आहे.

कलम ८४ प्रमाणे उत्पादनातील दोष, रचनेतील दोष, ठरलेल्या मानकापासून फारकत, दिलेल्या स्पष्ट हमीचा भंग आणि अपुऱ्या सूचना वा इशारे, या पाच कारणांनी उत्पादक जबाबदार ठरतो. स्पष्ट हमी देताना हयगय वा फसवणूक केली नव्हती हे सिद्ध केल्यानेही त्याची सुटका होत नाही. दुसऱ्याने केलेल्या मालावर स्वतःचे चिन्ह लावणाराही कायद्याच्या लेखी उत्पादकच असतो. बाहेरून रस वा बर्फी करवून घेऊन आपल्या नावाच्या वेष्टनात विकणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा बचत गटाने ही व्याख्या आधी वाचावी.

दुकानदारासाठी कलम ८६ कळीचे आहे. त्याने मालात बदल केला, स्वतःची वेगळी हमी दिली किंवा उत्पादकाचे इशारे ग्राहकापर्यंत पोचवण्यात कसूर केली, तर तो जबाबदार धरला जातो. उत्पादक कोण हे माहीत नसेल, त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल किंवा त्याला भारतीय कायदा लागू नसेल, तरीही जबाबदारी दुकानदाराकडे येते. विनाबिल आलेला, कंपनीचा ठावठिकाणा नसलेला बॅटरीवरचा फवारणी पंप विकणारा दुकानदार त्यामुळे दाव्यात एकटा उभा असतो.

‘हानी’च्या व्याख्येत मृत्यू, इजा, आजार, त्यासोबतचा मनस्ताप आणि अन्य मालमत्तेचे नुकसान येते. खुद्द त्या वस्तूचे नुकसान आणि व्यापारी वा आर्थिक तोटा मात्र व्याख्येने स्पष्टपणे वगळला आहे.

बियाणे

उगवण न होणे हा बियाण्यातील दोष आहे आणि त्यासाठी ग्राहक आयोगात दाद मागता येते. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये निर्णय दिला, की बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि बियाणे कायदा त्याच्या आड येत नाही. शेतकरी सगळे बियाणे पेरतो. प्रयोगशाळेसाठी त्यातले काही मागे ठेवावे अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही, हेही न्यायालयाने मान्य केले. विदर्भातील बियाणे तक्रारींसाठी हा निकाल पायाभूत आहे.

२०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के असावी लागते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या वर्षी स्वतःहून दखल घेतली. दोष बियाण्याचा, पेरणीच्या खोलीचा की पावसाच्या ताणाचा, यावर कंपन्या आणि शेतकरी यांचे मत एक नव्हते.

भरपाईचा आदेश झाला तरी ही रक्कम उत्पादन दायित्व विम्यातून सहसा मिळत नाही. माल अपेक्षित परिणाम देण्यात कमी पडला, तर ती जोखीम सर्वसाधारण पॉलिसीत वगळलेली असते. मान्यता नसलेले तणनाशक सहनशील कापूस बियाणे, ज्याला बाजारात ‘चोर बीटी’ म्हणतात, त्याबाबत तर प्रश्नच उरत नाही. बेकायदा मालाला विमा मिळत नाही आणि पाकिटावरच्या उत्पादकाचा पत्ताही लागत नाही.

संत्र्याची कलमे

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. बागेची सुरुवात कलमापासून होते. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरला जातो. शेजारच्या वरूड तालुक्यातील शेंदुरजनाघाट या रोपवाटिकांच्या गावातून कलमे दूरवर जातात. फळरोपवाटिकांना राज्याच्या १९६९ च्या कायद्याखाली परवाना लागतो आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रोगमुक्त कलमांचा पुरवठा करते.

कलमाचा दोष उशिरा कळतो. खुंट चुकीचा निघाला, डोळा कमकस झाडाचा निघाला किंवा फायटोफ्थोरा बुरशी मातीसोबत आली, तर मूळकूज आणि डिंक्या दिसेपर्यंत काही वर्षे जातात. बाग व्यापारी फळ धरू लागते साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी. ग्राहक तक्रारीची मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे (कलम ६९). विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण कारण घडले कधी, लागवडीच्या दिवशी की दोष उघड झाला त्या दिवशी, यावर वाद होतो. रोपवाटिकेने विमा घेतला असला तरी पाच वर्षांचे बुडालेले उत्पन्न हा आर्थिक तोटा ठरतो. आजारी कलमामुळे बागेतील जुनी निरोगी झाडे मेली, तर मात्र अन्य मालमत्तेचे नुकसान म्हणून युक्तिवाद करायला जागा राहते.

कीटकनाशके आणि फवारणी

विदर्भात या विमाप्रकाराशी सर्वाधिक संबंध असलेले प्रकरण २०१७ चे आहे. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबरदरम्यान यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. राज्याने विशेष तपास पथक नेमले, पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर विदर्भातील पाच जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी घातली आणि मृतांच्या वारसांना २ लाख रुपयांची मदत जाहीर केली. ही मदत सरकारी तिजोरीतून आली.

२०२० मध्ये काही बाधितांच्या वतीने सिंजेन्टा या कंपनीविरुद्ध तिचे मुख्यालय असलेल्या स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात दिवाणी दावा झाला. त्याला तिथल्या उत्पादन दायित्व कायद्याचा आधार होता. आपल्या उत्पादनामुळे ही हानी झाली हे कंपनीने नाकारले. विमा व्यवहारात या प्रकरणाने एक मुद्दा ठळक केला : यवतमाळच्या शेतात झालेल्या इजेचा दावा परदेशी न्यायालयातही जाऊ शकतो आणि पॉलिसी कोणत्या देशांच्या न्यायकक्षेला लागू आहे यावर संरक्षण ठरते.

कीटकनाशकाच्या बाटलीवरील लाल, पिवळा, निळा आणि हिरवा त्रिकोण विषारीपणाची उतरती पातळी दाखवतो. घडीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेला इशारा पुरेसा आहे का, हा कलम ८४ मधील पाचव्या कारणाचा प्रश्न आहे. मात्र कलम ८७ ने एक मोठा अपवाद ठेवला आहे. मालकाने कामाच्या ठिकाणी वापरण्यासाठी वस्तू घेतली आणि उत्पादकाने मालकाला इशारा दिला होता, तर इशारा दिला नाही या कारणावर उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही. औषध शेतमालक आणतो आणि पंप पाठीवर घेतो तो रोजंदारीचा मजूर. शेताला ‘कामाचे ठिकाण’ मानले, तर सर्वात जास्त धोका पत्करणाऱ्या माणसाचा दावा सर्वात दुबळा होतो. कायद्यातील ही जागा दुरुस्त होणे गरजेचे आहे. तोवर इशारा मजुराला वाचून दाखवणे, हातमोजे आणि मुखपट्टी औषधासोबतच देणे आणि त्याची नोंद ठेवणे हे कृषी केंद्राच्या हाती आहे. दुकानदाराविरुद्धच्या दाव्यात हीच नोंद त्याच्या बाजूने उभी राहते.

घरगुती गॅस

तालुक्यातील बहुतेक घरांना नकळत लागू असलेला दायित्व विम्याचा सर्वात जवळचा नमुना. तेल कंपन्यांच्या सामूहिक दायित्व पॉलिसीत सिलिंडर अपघातातील मृत्यूसाठी प्रत्येकी ६ लाख रुपये आणि नोंदणीकृत पत्त्यावरील मालमत्तेच्या नुकसानीसाठी प्रति घटना २ लाखांपर्यंत तरतूद आहे. ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही, पण अपघाताची खबर वितरकाला तातडीने द्यावी लागते.

खाद्यपदार्थ

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ चे कलम ६५ भरपाईचे आकडेच सांगते : मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेसाठी कमाल ३ लाख, इतर इजेसाठी कमाल १ लाख रुपये. संत्र्याचा रस, स्क्वॅश वा बर्फी करणाऱ्या छोट्या उद्योगाने विम्याची मर्यादा ठरवताना हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. नागपूरचा ‘नोगा’ हा महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाचा छाप या व्यवसायातील जुने नाव आहे.

पॉलिसीची रचना

भारतातील पॉलिसी साधारणतः ‘क्लेम्स मेड’ तत्त्वावर असते, म्हणजे दावा पॉलिसी चालू असताना दाखल व्हावा लागतो आणि इजा ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह’ तारखेनंतरची, म्हणजे संरक्षण जिथून सुरू होते त्या पॉलिसीतील तारखेनंतरची, असावी लागते. नूतनीकरणात खंड पडला, तर ही तारीख पुढे सरकते आणि आधीच्या वर्षांचे संरक्षण जाते. मर्यादा दोन आकड्यांत लिहितात : एका घटनेसाठी आणि पूर्ण वर्षासाठी. ५० लाख आणि १ कोटी असे लिहिले असेल, तर वर्षात कितीही दावे आले तरी १ कोटीपलीकडे रक्कम मिळत नाही. एकाच बॅचमधील दोषातून आलेले सर्व दावे एक घटना धरण्याची अट असते. दाव्याचा पहिला काही भाग, ज्याला एक्सेस म्हणतात, विमाधारक स्वतः भरतो. हप्ता उलाढाल, मालाचा प्रकार आणि विक्रीचे देश यांवर बसतो.

माल बाजारातून परत बोलावण्याचा खर्च, दंड, करारातून स्वीकारलेली जादा जबाबदारी आणि जाणूनबुजून केलेला नियमभंग वगळलेला असतो. उत्पादकाच्या पॉलिसीत विक्रेत्याचे नाव जोडून घेता येते. छोट्या कृषी केंद्रासाठी स्वतंत्र पॉलिसीपेक्षा हा मार्ग सोयीचा असून कंपनीच्या प्रतिनिधीकडे तशी लेखी मागणी करावी.

वीज मोटारी, ट्रॅक्टर व अवजारे यांनाही वरील तत्त्वेच लागू होतात.

तक्रारीची जागा

तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे कंपनी मुंबईची वा हैदराबादची असली तरी नरखेडच्या रहिवाशाला नागपूरचा जिल्हा आयोग खुला आहे. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूंची प्रकरणे तिथे चालतात. निकष मोजलेल्या किमतीचा आहे, मागितलेल्या भरपाईचा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो वैध ठरवला. म्हणून काहीशे रुपयांच्या बाटलीमुळे झालेल्या मृत्यूचा दावाही जिल्हा आयोगातच जातो. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. लॉट क्रमांक असलेली पावती, रिकामी बाटली वा पिशवी, टॅग, दवाखान्याची कागदपत्रे आणि बियाण्याच्या बाबतीत तालुका तक्रार निवारण समितीचा पंचनामा हा मुख्य पुरावा असतो.