मनिला ते नांदेड : सीताफळाची वाट

गोव्यात १५६३ साली छापलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात 'बालाघाट' भेटतो. ग्रंथकर्ता गार्सिया द ओर्ता हा वैद्य. १५३४ मध्ये तो गोव्यात आला, १५६८ मध्ये तिथेच वारला, आणि मधल्या काळात अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचारही केले. फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट, अशी फोड त्याने आपल्या वाचकांना करून दिली आहे. त्याच्या लेखी अख्खे दख्खनचे पठार म्हणजे बालाघाट होता. आज हे नाव हरिश्चंद्रगडाकडून निघून नगर, बीड, धाराशिव, लातूर करत नांदेड जिल्ह्यातल्या कंधार-मुखेडकडे उतरणाऱ्या डोंगररांगेपुरते उरले आहे.

ओर्ता झाडाझुडपांच्या बाबतीत मोठा चौकस माणूस. आंबा, फणस, जांभूळ, केळे यांवर त्याने मन लावून लिहिले. कोणते फळ कुठे पिकते, त्याला कोण काय म्हणतो, पोटाला ते कसे लागते, हे सगळे त्यात आहे. आणि तरीही, आज बालाघाट म्हटले की ज्या फळाचे नाव मराठवाड्यातल्या माणसाच्या तोंडी आधी येते, ते त्याच्या ग्रंथात नाही. सीताफळ नाही.

मिऱ्याच्या आणि मसाल्याच्या शोधात कोलंबस १४९२ मध्ये पश्चिमेला निघाला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेला. हा इतिहास शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मिरची, तंबाखू, अननस, पेरू ही त्या गलबतांची देणगी आहे, याबद्दलही आता फारसा वाद उरलेला नाही. सीताफळावर मात्र दीडशे वर्षे वाद चालू आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे.

पहिली बाजू साक्षीदारांच्या मौनावर उभी आहे. हिंदुस्थानातल्या फळांची बारकाईने यादी देणाऱ्या बाबराच्या आत्मचरित्रात सीताफळ नाही. ओर्ताकडे नाही. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाकडे नाही, आणि १६२३-२४ मध्ये पश्चिम किनारा हिंडलेल्या पिएत्रो देला वाल्येकडेही नाही. 'आईन-इ-अकबरी'च्या इंग्रजी भाषांतरात ते दिसते खरे, पण यूल आणि बर्नेल यांनी आपल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशासाठी मूळ फारसी पाहिले तेव्हा तिथे शब्द निघाला 'सदाफळ'. तो बेलासकट अनेक फळांना लावला जातो. सीताफळाच्या जातीची दोन फळे इथे सर्रास मिळतात असे लिहिलेले सापडते ते व्हिन्चेन्झो मारिया या इटालियन पाद्र्याच्या पुस्तकात. ते छापले गेले १६७२ मध्ये. पुढच्या दहा वर्षांत, १६८२ मध्ये, 'होर्तुस मलाबारिकुस'च्या तिसऱ्या खंडात 'आतामरम' या नावाखाली त्याचे चित्रच आले.

म्हणजे १५६३ आणि १६७२ यांच्या दरम्यान, शंभरेक वर्षांच्या खिडकीतून, सीताफळ आत शिरले.

दुसऱ्या बाजूचा सेनापती मोठा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम, भारतीय पुरातत्त्व खात्याचा संस्थापक. मथुरेच्या आणि भारहुतच्या शिल्पांत त्याला सीताफळ दिसले. भारहुतचा स्तूप इसवी सनाआधीच्या दुसऱ्या शतकातला. १८७९ च्या आपल्या ग्रंथात त्याने दोन मुद्दे मांडले. पोर्तुगीजांनी सीताफळ आणले असेलही, पण चुनारसारख्या दगडांच्या गावात ईस्ट इंडिया कंपनीनेही बाहेरून दगडी जाती आणवली होतीच. बाहेरून आणली म्हणून ती वस्तू इथे आधी नव्हती असे होत नाही. आणि दुसरे, एकमेकांपासून शेकडो मैल दूर असलेल्या रानांत हे झाड आपोआप माजलेले आहे, त्याअर्थी ते इथलेच. अजिंठ्याच्या चित्रांतही सीताफळ आहे असे पुढे काहींनी लिहिले, आणि मग मराठवाड्याला या वादात घरचा साक्षीदार मिळाला.

कनिंगहॅमचा रानाचा मुद्दा आज टिकत नाही. गाजरगवत पुण्याजवळ १९५० च्या दशकात नजरेस आले आणि एका पिढीच्या आत त्याने मराठवाड्यातले बांध, पडीक जमिनी, रेल्वेच्या कडा भरून काढल्या. घाणेरीनेही तेच केले. ही दोन्ही झाडे अमेरिकेची. सीताफळाला तर कनिंगहॅम येईपर्यंत दोन-अडीचशे वर्षे मिळाली होती. शिल्पांचा मुद्दा अधिक नाजूक आहे. खवल्यांचे, गोल फळ दगडात कोरले की ते सीताफळ वाटते. तसेच ते फणसाचे कोवळे फळ वाटते आणि कदंबाचे फूलही वाटते. जॉर्ज वॉटने भारतीय वनस्पतींच्या आपल्या कोशात हीच शंका घेतली होती. मूर्तीच्या हातातले उंचवट्यांचे फळ पुष्कळदा महाळुंग असते. तेव्हा दगडावरून झाड ओळखताना बेताने बोललेले बरे.

खरी अडचण २००९ मध्ये उभी राहिली. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यात टोकवा या ठिकाणच्या उत्खननात सीताफळाची म्हणून ओळखलेली जळकी बी मिळाली. 'रेडिओकार्बन' या नियतकालिकात पोखरिया आणि सहकाऱ्यांनी तिचे थेट कालमापन प्रसिद्ध केले. काळ निघाला इसवी सनापूर्वी सुमारे १५२०. कोलंबसाआधी तीन हजार वर्षे!

हा पुरावा झटकून टाकता येत नाही. पण त्याच्यासमोर काही प्रश्न ठेवावेच लागतात. सीताफळ ज्या कुळीचे, त्या 'ॲनोना'च्या बहुतेक सगळ्या जाती उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेत आहेत, थोड्या आफ्रिकेत, आणि आशियाची स्वतःची एकही नाही. तेव्हा ते झाड तीन हजार वर्षांपूर्वी आले असेल तर महासागर ओलांडूनच आले असेल. आले असेल तर चरक-सुश्रुतांनी, ज्यांनी साध्या बोरा-कवठांचेही गुणदोष नोंदवले, त्यांनी इतक्या गोड, इतक्या गराच्या फळाकडे पाठ का फिरवली? बाबराने का वगळले? एक शक्यता अशी की झाड एकदा आले, गंगेच्या खोऱ्यात थोडे टिकले आणि मेले. तसे असेल तर टोकव्याची बी खरी आणि बालाघाटचे सीताफळही नवे, दोन्ही एकाच वेळी खरे ठरू शकते. आजच्या झाडांचे कूळ शोधायचे तर त्या बीपर्यंत जाण्याची गरजच उरत नाही.

मग नावाचा पुरावा. कनिंगहॅमला वाटे की सीताफळ आणि रामफळ ही नावेच या फळांचे वय सांगतात. रामायणाइतके जुने नाव, म्हणून फळही जुने. पण दिल्लीच्या बाजारात 'सीताफल' मागितले तर आजही भोपळा हातात पडतो. तिकडे आपल्या सीताफळाला म्हणतात 'शरीफा'. म्हणजे सीतेचे नाव आधीपासून मोकळे हिंडत होते, आणि नवे फळ आले तसे दक्षिणेत ते त्याला चिकटले. लक्ष्मणफळ आणि हनुमानफळ ही नावे तर त्याच्या कितीतरी नंतर आलेल्या, याच कुळीतल्या फळांना मिळाली. देवाचे नाव मिळायला फळ जुने असावे लागत नाही. 'शीतफळ' म्हणजे थंड फळ, त्याचे सीताफळ झाले, अशीही एक उपपत्ती सांगतात. ती सोयीची आहे, पण रामफळापुढे अडते. सीतेशेजारी राम बसला तो सीता ही सीताच मानली गेली म्हणून.

या फळाचे दुसरे नाव अधिक बोलके आहे. बंगालीत सीताफळ म्हणजे 'आता' आणि रामफळ म्हणजे 'नोना'. मलयाळममध्ये 'आत्त'. फिलिपिन्समध्ये 'आतिस'. १५७० च्या दशकात मेक्सिकोत हिंडून तिथल्या वनस्पती नोंदवणाऱ्या फ्रान्सिस्को एर्नांदेस या स्पॅनिश वैद्याने एका फळाचे नाव दिले आहे : 'आहाते'. आणि 'नोना' हे कॅरिबियन बेटांवरच्या 'अनोना'चेच रूप. लिनीयसने ते शास्त्रीय नावात घेतले. मेक्सिकोतले नाव मनिलात आणि मनिलातले नाव केरळात पोचले, याला कारण एकच दिसते. १५६५ पासून १८१५ पर्यंत अकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये स्पॅनिश गलबते चांदी आणि रेशमाची ने-आण करत होती. मनिलाहून मलाक्का, मलाक्क्याहून मलबार आणि गोवा हा पोर्तुगीजांचा रोजचा रस्ता.

इथे प्रचलित समजुतीला धक्का बसतो. 'पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले' असे सरसकट लिहिले जाते, कारण लिस्बनहून गोव्याला निघालेली जहाजे कधीकधी ब्राझीलला लागत. पण ब्राझीलमध्ये सीताफळाला 'काउंटचे फळ' असे नाव आहे, आणि त्याची कथा सांगते की १६२६ मध्ये बाइयाचा गव्हर्नर काउंट ऑफ मिरांडा याने ते तिथे प्रथम लावले. ब्राझीललाच ते इतक्या उशिरा मिळाले असेल, तर तिथून ते गोव्याला पाठवणार कोण? उलट ब्राझीलच्या सेआरा प्रांतात सीताफळाला 'आता' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांच्या जहाजांतून पूर्वेकडून तिकडे गेला असावा. सीताफळ आपल्याकडे पश्चिमेच्या दारातून आले नसून पृथ्वीला वळसा घालून पूर्वेच्या दाराने आले, हाच निष्कर्ष अधिक जुळतो.

पण बंदरापासून बालाघाटपर्यंत? या प्रवासाचा दुवा नांदेडला सापडतो. सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारा व्यापारी रस्ता नवापूर, दौलताबाद, औरंगाबाद करत नांदेडला येई आणि तिथे गोदावरी ओलांडे. हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी तावेर्निये याने हा रस्ता मुक्कामांसह लिहून ठेवला. नांदेडची नदी गंगेला मिळते असे त्याला वाटले. १६६६ च्या सुमारास तेव्हनो हा दुसरा फ्रेंच प्रवासीही नांदेडवरूनच गेला. आता नकाशा पाहावा. दौलताबादच्या किल्ल्याभोवतीची सीताफळे प्रसिद्ध. पुढे बालाघाट. पुढे कंधार-मुखेडचे डोंगर. गोवळकोंड्यापलीकडे, महबूबनगर जिल्ह्यात, बालानगर : ज्या गावाच्या नावाने सीताफळाची सर्वांत गाजलेली जात ओळखली जाते. सीताफळाचा पट्टा आणि हिऱ्यांचा रस्ता एकमेकांच्या किती जवळून जातात!

या तर्काला एक भोक आहे. सीताफळांचे माहेर असलेले धारूर आणि अंबाजोगाई या रस्त्यावर नाहीत, गोदावरीच्या दक्षिणेला बरेच आत आहेत. ते भोक लमाणांच्या तांड्यांनी बुजते. १६३१ मध्ये मोगलांनी धारूरचा किल्ला घेतला त्या काळात फौजांना धान्य पुरवणारे लमाणच होते. आसफखानाच्या दक्षिणेतल्या मोहिमेत भंगी आणि जंगी या नाईकांकडे १,८०,००० बैल होते अशी परंपरा तांड्यांतून सांगितली जाते. बंदराकडचे मीठ वर आणि पठारावरचे धान्य खाली, हा त्यांचा धंदा. मुक्काम पाण्याजवळच्या माळावर आणि डोंगराच्या पायथ्याला. सीताफळ खाणारा माणूस बिया थुंकतो, त्या टणक असतात आणि वाळल्या तरी रुजतात. हा तर्क नकाशावर उभा आहे, कागदावर नाही. त्यावर एक हरकत घेता येते, पण ती त्याला खाली ओढत नाही : गुजराती आणि तमिळ किनाऱ्यांवरही 'सीता'च आहे, 'आता' नाही. नावे नुसती समुद्राकडून आत जात नाहीत, पठारावरून किनाऱ्याकडेही उतरतात.

बालाघाटात ते इतके का रुजले, याचे उत्तर मात्र पक्के आहे. पाने आणि बिया विषारी. गावोगाव बियांची पूड उवांवर वापरत आले आहेत. शेळी बोर खाते, बाभूळ खाते, पण सीताफळाच्या पानाला तोंड लावत नाही. मुरमाड उतारावर शेळ्या बाकी सगळे खुडत गेल्या आणि सीताफळ उरले. उन्हाळ्यात ते पाने गाळून पाणी वाचवते, पावसाबरोबर फुलते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास 'डोळे' उघडते. अहमदपूर-चाकूरकडच्या डोंगरातून फळे पाट्यांत भरून येतात, ती याच हिशेबाने.

अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने धारूरच्या डोंगरी झाडांतून निवडलेली 'धारूर ६' ही जात आणि २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला मिळालेले भौगोलिक मानांकन यांनी या झाडाला बाजारात मान दिला. कुळकथेच्या दृष्टीने मोलाची आहेत ती डोंगरातली गावरान झाडे, कारण ती कलमांची नाहीत, बियांपासून पिढ्यान्‌पिढ्या उगवलेली आहेत. धारूर, मुखेड, दौलताबाद आणि बालानगर इथल्या जुन्या झाडांचा डीएनए फिलिपिन्स, मेक्सिको आणि ब्राझीलमधल्या झाडांशी ताडून पाहिला, तर मनिलाचा तर्क आणि हिऱ्यांच्या रस्त्याचा तर्क दोन्ही तपासले जातील. कलमी बागा वाढत आहेत, डोंगर फोडले जात आहेत आणि जुनी झाडे दरवर्षी कमी होत आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्र विभागांनी हे नमुने गोळा करायला याच हंगामात सुरुवात करावी.