मुखपृष्ठावरची 'ती'

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या बराकींत आल्बर्टो व्हार्गास यांच्या तोकड्या वस्त्रांतल्या ललना भिंतीवर टाचलेल्या असत. मराठी मध्यमवर्गाने आपली चित्रसुंदरी दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरून घरात आणली. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१, 'दीपावली'चा आरंभ १९४५) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या कुंचल्याने तिला नऊवारी, दागिने, हाती निरांजन दिले. या मंगल सामग्रीमुळे पाहणाऱ्याची नजर निर्दोष ठरली. देह मात्र न्याहाळण्यासाठीच राहिला. विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ सालचे. साहित्यात स्त्रीमन बोलू लागले, तरी मुखपृष्ठावरची ती मूकच होती. म्हणून सोलापुरात जुने अंक विद्यार्थ्यांपुढे ठेवताना आम्ही सुचवतो : वाचन मुखपृष्ठापासूनच सुरू करावे.