आजारपणाचा खर्च : चंदा गोळा करण्याआधी रेशनकार्ड बघा

जुम्म्याची नमाज झाली की बऱ्याचदा मशिदीच्या दारात एलान होतो, अमक्या भावाच्या ऑपरेशनसाठी मदत करा. रुमाल पसरतो, लोक जमेल तसे देतात. यात सवाब आहेच. पण रुमाल पसरण्याआधी एक सवाल फार कमी वेळा विचारला जातो : या घराचं रेशनकार्ड आहे का, आणि पेशंटचं नाव त्यात आहे का? कितीतरी मोठ्या ऑपरेशनचा खर्च सरकारी योजनेतून होऊ शकतो. मोमिनपुरा, हंसापुरी, टेका, ताजबाग भागातल्या हातावर पोट असलेल्या घरांसाठी ही माहिती एका जागी देत आहे.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना

ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली. नागपूरला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २०१७ मध्ये नाव बदललं, २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारतशी ती जोडली गेली. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते ५ लाख झालं आणि पिवळ्या, केशरी कार्डांसोबत पांढरं कार्डही त्यात आलं. रेशनकार्डच नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालतं.

हप्ता घरच्यांना भरावा लागत नाही. हृदयाचं ऑपरेशन, कॅन्सर, डायलिसिस असे भरती होऊन करायचे मोठे उपचार यात बसतात. ताप-खोकल्याची ओपीडी, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या बसत नाहीत.

योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. डॉक्टरने भरती सांगितली की आधी तिथे जा. तो कागद बघून नोंदणी करतो, मग दवाखाना ऑनलाइन मंजुरी मागवतो. तातडीच्या वेळी पेशंटला आधी भरती करतात, कागद नंतर पण लवकर द्यायचे असतात. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की योजना कॅशलेस आहे. स्वतः बिल भरून नंतर पैसे परत मागितले तर मिळत नाहीत. टोल फ्री नंबर १५५३८८.

घरात ७० वर्षांवरचे दादा-दादी असतील तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारकार्ड लागतं.

बाकीचे रस्ते

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. नागपुरात डागा त्यात येतं. मेयो आणि मेडिकल हे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे तिथे थोडी फी लागते.

ट्रस्टच्या धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. तिथे समाजसेवा अधीक्षकाला भेटायचं.

दुकान-कारखान्यात १० किंवा जास्त कामगार असतील आणि पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर मालकाने ईएसआयसीत नाव घालायला हवं. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. इलाज पूर्ण कुटुंबाला मिळतो.

खरी अडचण नावाची

कार्ड असूनही गाडी अडते ती नावावर. रेशनकार्डावर ‘मो. सलीम’, आधारवर ‘मोहम्मद सलीम शेख’. बायकोचं नाव एका कागदावर ‘बी’, दुसऱ्यावर ‘बेगम’. लग्न होऊन आलेली सून माहेरच्याच कार्डात, लहान मूल कुठेच नाही. यात आम्हा मास्तरांचाही हात आहे हे कबूल करतो. दाखल-खारिज रजिस्टरमध्ये आम्ही घाईत जसं नाव लिहिलं तसंच पुढे टीसीवर, मग प्रत्येक कागदावर जातं. आयसीयूच्या बाहेर उभं राहून ही दुरुस्ती होत नाही. ती तब्येत धड असतानाच करायची असते.

विमा जायज आहे का?

हा सवाल घरोघरी येतो. विकत घेतलेल्या विम्यात सूद, गरर आणि जुव्याचा अंश आहे म्हणून उलेमा त्यावर आक्षेप घेतात. त्याला पर्याय म्हणून तकाफुल पुढे आला. सगळ्यांनी तबर्रु म्हणून थोडं द्यायचं, ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून मदत. सुदानमध्ये १९७९ साली अशी कंपनी निघाली, मलेशियाने १९८४ मध्ये कायदा केला. फुले योजनेत आपण हप्ता भरत नाही, खर्च सरकार करतं, त्यामुळे तिला विकत घेतलेल्या पॉलिसीसारखं समजून दूर राहू नये. तरी मनात शंका असेल तर मुफ्तीसाहेबांना विचारा, पण विचारा आजच.

अशा मदतीचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या गावांत ज्वारीवर चालणारी आरोग्य योजना उभी केली. पीक निघालं की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, आजारपणात दवाखान्याने सांभाळायचं. एकट्यादुकट्याला प्रवेश नव्हता, गावातली बहुतेक गरीब घरं एकत्र यायला हवी होती. नाहीतर फक्त आजारीच नाव नोंदवतील आणि कोठार रिकामं होईल.

मोहल्ल्याने काय करावं

प्रत्येक मशिदीत दोन शिकलेली मुलं महिन्यातून एक इतवार बसवा. घरोघरचं रेशनकार्ड आणि आधार समोरासमोर ठेवून नावं जुळतात का ते बघायचं, नाही जुळलं तर दुरुस्तीचा अर्ज भरून द्यायचा. बैतुलमालकडे मदतीचा अर्ज आला की पहिला कागद आरोग्यमित्राच्या उत्तराचा मागावा.

याने जकातीचा पैसा वाचेल, आणि तो लागणारच आहे. योजना ऑपरेशन करून देते, पण दोन महिने रिक्षा बंद राहिली तर घरचा चुल्हा कोण पेटवेल? रोजच्या गोळ्या, मेडिकलला येण्या-जाण्याचं भाडं, सोबत राहणाऱ्याचं जेवण, हा सगळा खर्च योजनेतून निघत नाही. जिथे सरकारची योजना संपते, तिथून जकातीने सुरू व्हावं.