उन्मत्ताचा ताबा : होळकरशाहीपासून आजच्या कायद्यापर्यंत

(१)

मराठ्यांच्या इतिहासांत वेडाचे उल्लेख थोडे नाहींत. परंतु वेड लागलेला माणूस पुढें कोणाच्या स्वाधीन राहिला, आणि ज्याच्या स्वाधीन राहिला त्यास जाब विचारणारा कोणी होता कीं नाहीं, ह्या अंगानें त्या उल्लेखांकडे सहसा पाहिलें जात नाहीं. वेड हा वैद्यकाचा विषय. ताबा हा व्यवहाराचा. पहिल्याचा निर्णय चुकला तर औषध चुकतें. दुसऱ्याचा चुकला तर माणूस, त्याची मिळकत आणि प्रसंगीं राज्यही जातें. ह्याचा दाखला शोधण्यास खानदेशच्या वाचकांस फार दूर जावयास नको. तापीकांठचें थाळनेर ज्या तहानें इंग्रजांकडे जावयाचें ठरलें, त्या तहाच्या मागें दहा वर्षांपूर्वीं सुरू झालेला असाच एक ताबा आहे. तेथून आरंभ करून आजच्या कायद्यापर्यंत ह्या प्रश्नाचा माग घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(२)

यशवंतराव होळकर ह्यांनीं इ. स. १८०२ च्या आक्टोबरांत हडपसरास पेशवे व शिंदे ह्यांच्या फौजांचा मोड केला. त्याच वर्षीं त्यांच्या फौजेच्या धामधुमीनें खानदेश उजाड झाला, आणि लगोलग आलेल्या दुष्काळानें उरलेंसुरलें संपविलें. पुढें इंग्रजांशीं युद्ध होऊन १८०५ च्या डिसेंबरांत राजघाटचा तह झाला. त्यानंतर यशवंतरावांनीं भानपुऱ्यास तोफा ओतण्याचा कारखाना घातला. ते स्वतः तेथें राबूं लागले, मद्यपान वाढलें, आणि १८०८ च्या सुमारास वेडाचीं लक्षणें उघड दिसूं लागलीं, असें सर जॉन मालकम ह्यानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यहिंदुस्थानच्या वृत्तांतांत लिहिलें आहे. दरबारच्या मंडळींनीं त्यांस बळानें धरून दोरांनीं बांधलें व पहाऱ्यांत ठेविलें. उपचार झाले, परंतु गुण आला नाहीं. शेवटीं वाचा जाऊन लहान मुलाप्रमाणें त्यांची निगा करावी लागली. आणि १८११ च्या आक्टोबरांत भानपुऱ्यास त्यांचा अंत झाला.

येथें साक्षीदाराची पारख करणें अवश्य आहे. महिदपुरच्या लढाईंत होळकरांविरुद्ध लढणारा आणि मागाहून त्यांच्याशीं तह ठरविणारा सेनानी तो हाच मालकम. त्याची माहिती बहुतांशीं मागाहून, तेथील माणसांच्या तोंडून जमविलेली आहे. म्हणून वेडाच्या कारणांविषयीं त्यानें जें लिहिलें तें जपूनच घेतलें पाहिजे. परंतु ताब्याविषयींची त्याची हकीकत पुढील घटनांशीं जुळते. त्या तीन वर्षांत राज्य चाललें तें यशवंतरावांच्या नांवानें. चालविलें तें तुळसाबाई व दरबारी मंडळी ह्यांनीं. पहाऱ्याचा अधिकार धर्मा कुंवर नांवाच्या सरदाराकडे आला आणि पहाऱ्याबरोबर सत्ताही त्याच्या हातीं गेली. वेडे महाराज, तुळसाबाई व बालक मल्हारराव ह्या तिघांच्या जिवावर तो उठला, असें मालकम सांगतो. अखेर धर्मा कुंवरच मारला गेला. राजा हातीं असला कीं राज्य हातीं येतें, हें सर्वांस कळत होतें. राजास कोणत्या अधिकारानें बांधलें, हें विचारण्याची जागा मात्र कोठेंच नव्हती.

(३)

यशवंतरावांमागें गादीवर अल्पवयी मल्हारराव बसले, आणि शिक्का चालविणारे हात तेच राहिले. १८१७ च्या डिसेंबरच्या २० तारखेस तुळसाबाईंचा शिरच्छेद झाला. दुसऱ्याच दिवशीं महिदपुरास होळकरांची फौज मोडली. आणि ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोरचा तह होऊन सातपुड्यांतील व त्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. खानदेशांतील होळकरांचे परगणे त्यांतच आले. २७ फेब्रुवारीस जनरल हिस्लॉप थाळनेरापुढें आला तेव्हां किल्लेदारानें धन्याचा तह न मानतां दरवाजा अडविला. शिबंदीची कत्तल झाली व किल्लेदारास फांशी दिलें. धन्यानें तह केला असतां चाकरानें लढणें हा गुन्हा, असें इंग्रजांचें म्हणणें. धनी मात्र त्या वेळीं अजाण मुलगा होता.

एकट्या वेडामुळें होळकरांचें राज्य बुडालें, असें आमचें म्हणणें नाहीं. फौजेचे थकलेले पगार, पेंढाऱ्यांचा गोंधळ आणि इंग्रजांचें वाढतें बळ हीं कारणें उघड आहेत. परंतु दहा वर्षें धन्याच्या नांवानें दुसऱ्यांनीं कारभार केला आणि त्या दुसऱ्यांस कोणी विचारणारा नव्हता, ह्यानें राज्य आंतून पोखरलें, एवढें निश्चित म्हणतां येईल.

(४)

जें राजवाड्यांत झालें तें वतनदाराच्या वाड्यांतही होण्यास वाव होता. याज्ञवल्क्य स्मृतीनें दायभागांतून वगळलेल्यांत उन्मत्त व जड ह्यांची गणना आहे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत उन्मत्ताचा अर्थ वात, पित्त, कफ, संनिपात किंवा ग्रहावेश ह्यांनीं वेडा झालेला असा केला आहे. आमच्या संग्रहाकांच्या वैद्यकी बाडांत उन्मादाचे जे पांच प्रकार सांपडतात, त्यांच्याशीं ही व्याख्या थेट जुळते. अशा माणसास वांटा नाहीं, अन्नवस्त्र मात्र द्यावयाचें, असा नियम. त्याचा पोषणाचा भाग दयेचा आहे ह्यांत शंका नाहीं. तथापि भाऊ वेडा ठरला तर आपला वांटा वाढतो, हा मोह त्याच नियमाच्या पोटांत आहे. ही बंदी पुष्कळ काळ टिकली. १९२८ च्या कायद्यानें ती जन्मतः वेड्या वा जड माणसापुरती उरली आणि १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें रोगाच्या कारणावरून वारसा नाकारणेंच बंद झालें.

(५)

धुळें हें ठाणें करून कॅप्टन ब्रिग्ज ह्यानें खानदेशची इंग्रजी घडी बसविली, त्यास चाळीस वर्षें होतात न होतात तोंच, १८५८ सालीं, वेड्यांविषयींचे कायदे झाले. त्यांतील दोन आमच्या जिल्ह्यास लागू पडले. ३५ व्या कायद्यानें वेड्याच्या मिळकतीची चौकशी दिवाणी न्यायालयाकडे दिली. ३६ व्यानें वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था लावली.

३५ व्या कायद्यांतील एक कलम इतिहासाच्या अभ्यासकानें मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. वेड्याच्या देहाचा पालक म्हणून त्याच्या वारसास कधींच नेमूं नये, असें त्यांत स्पष्ट सांगितलें होतें. ज्याला मरणानें लाभ, त्याच्या हातीं जीव द्यावयाचा नाहीं, हें सूत्र. भानपुऱ्याच्या तंबूंत हें सूत्र कोणास सुचलें असतें तर! १९१२ च्या कायद्यानें हें कलम थोडें सैल केलें. न्यायालयास कारणें लिहून ठेवून वारसास नेमतां येऊं लागलें.

३६ व्या कायद्याप्रमाणें भटकणारा वेडा आढळल्यास पोलिसानें त्यास मॅजिस्ट्रेटापुढें न्यावें, मॅजिस्ट्रेटानें वैद्याच्या साह्यानें तपासावें, दाखला मिळाल्यास हुकूम करून इस्पितळांत पाठवावें, असा क्रम ठरला. घरचीं माणसें वेड्याचा छळ किंवा हेळसांड करीत असतील तर तेथेंही मॅजिस्ट्रेटानें लक्ष घालावयाचें होतें. इस्पितळावर निरीक्षक नेमावयाचे होते. म्हणजे कोंडण्यासाठीं दाखला, हुकूम आणि देखरेख हीं तीन अंगें प्रथमच लेखी झालीं. परंतु ज्यास कोंडावयाचें त्याचें म्हणणें लिहून घेण्याची जागा त्या कागदांत अपुरी होती आणि कोंडण्यास मुदत नव्हती. कायद्याची नजर मुख्यतः रस्त्यावरील शांततेवर व मिळकतीवर होती. रोगी बरा करण्यावर ती क्वचितच होती.

(६)

ह्या व्यवस्थेची एक उणीव कोल्हापुरास उघडी पडली. इंग्रजी मुलुखांतील सामान्य माणसास जो चौकशीचा आधार होता, तो संस्थानच्या राजास नव्हता. छत्रपति चौथे शिवाजी ह्यांना वेड लागलें आहे असें ठरवून त्यांस देखरेखींत ठेवण्यांत आलें. त्यांचा छळ होत असल्याची ओरड 'केसरी' व 'मराठा' ह्या पत्रांनीं केली व दिवाण माधवराव बर्वे ह्यांजवर ठपका ठेविला. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रांनीं ज्या कागदांवर भिस्त ठेविली होती ते बनावट निघाले, आणि १८८२ च्या जुलईंत टिळक व आगरकर ह्यांस चार महिन्यांची सजा झाली. डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून ते सुटले. पुढें महाराजांस अहमदनगरच्या किल्ल्यांत नेऊन ठेविलें. तेथें २५ डिसेंबर १८८३ रोजीं, ग्रीन नांवाच्या पहारेकरी सोजिराशीं झालेल्या झोंबाझोंबींत, विशीच्या वयांत त्यांचा अंत झाला.

कागदांची पारख हाच आमचा व्यवसाय असल्यामुळें ह्या प्रकरणांतील धडा आम्हांस दुहेरी वाटतो. बनावट कागदावर विसंबल्यास खरी तक्रारही हरते, हा एक. दुसरा असा कीं, कागद खोटे ठरल्यानें मूळ प्रश्न मिटला नाहीं. महाराजांची स्वतंत्र व उघड चौकशी झाली असती, तर वर्तमानपत्रांस चोरट्या पत्रांवर अवलंबून राहण्याचें कारणच पडलें नसतें. बंद दाराआड ठेवलेल्या माणसाविषयीं अफवाच बोलतात.

(७)

१९१२ च्या ४ थ्या कायद्यानें १८५८ ची व्यवस्था एकत्र केली आणि ती पुढें पाऊणशें वर्षांहून अधिक चालली. १९८७ च्या कायद्यानें 'वेडा' हा शब्द जाऊन 'मनोरुग्ण' हा शब्द आला. पण तो अमलांत आला १९९३ सालीं. त्याच वर्षीं, शीला बारसे ह्यांच्या प्रकरणांत, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णास तुरुंगांत ठेवणें बेकायदेशीर होय असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला. १८५८ पासून इतकीं वर्षें लोटल्यावरही हें सांगावें लागलें, ह्यावरूनच जुन्या व्यवहाराची कल्पना येते. ६ आगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंत एरवाडी येथें आग लागली तेव्हां दर्ग्याजवळच्या आश्रमांत सांखळ्यांनीं बांधलेले मनोरुग्ण पळूं न शकल्यानें जळून मेले. खानदेशास लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यांत सैलानीबाबांच्या दर्ग्यास रोग्यांस नेण्याची चाल ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही बातमी परक्या मुलुखाची वाटली नसेल.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानें प्रश्नाचा रोखच फिरविला. प्रत्येक माणूस आपल्या उपचाराचा निर्णय करण्यास समर्थ आहे असें प्रथम धरावयाचें. पुढें आजार झाल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावे व कोणते होऊं नयेत, हें त्यानें आधींच लिहून ठेवावें. आपला प्रतिनिधीही त्यानेंच नेमावा. संमतीवांचून दाखल करावयाचें तर दोघां तज्ज्ञांनीं स्वतंत्रपणें तपासलें पाहिजे, आणि पहिली मुदत तीस दिवसांची. दाखल केल्याची खबर पुनर्विलोकन मंडळास सात दिवसांत, स्त्री किंवा अज्ञान मूल असल्यास तीन दिवसांत, द्यावयाची. त्या मंडळापुढें रोग्यास स्वतः दाद मागतां येते, आणि मंडळाच्या सभासदांत मानसिक आजार भोगलेल्या माणसासही जागा आहे. सांखळीनें बांधणें कोणत्याही रूपांत मना आहे. भटकणारा रोगी सांपडल्यास पोलिसानें चोवीस तासांच्या आंत सरकारी दवाखान्यांत पोंचवावा. कोठडींत ठेवूं नये.

हा कायदा घरच्या माणसांस अविश्वासानें वागवितो, अशी तक्रार ऐकूं येते, व ती सर्वस्वी टाकाऊ नाहीं. ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी हीं महाराष्ट्रांतील चार जुनीं सरकारी मनोरुग्णालयें, चारही खानदेशाबाहेर. सातपुड्याच्या पायथ्याशीं, शिरपूर, चोपडें किंवा यावल तालुक्यांतील खेड्यांत रात्रीं मुलगा अनावर झाला, तर आई त्यास खांबाशीं बांधते तें क्रौर्यानें नव्हे, निरुपायानें. तिला कायद्याचें कलम दाखविण्याआधीं डॉक्टर दाखविला पाहिजे. परंतु म्हणून जाब विचारणारें मंडळच नको, असें होत नाहीं. धर्मा कुंवर दुष्ट होता कीं नाहीं, हा वाद निराळा. त्याच्यावर कोणीच नव्हतें, हा मुख्य दोष. जिव्हाळ्याच्या हातांवरही देखरेख असावी. तिनें त्या हातांचीही अब्रू राखली जाते.

(८)

शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. जुन्या घराण्यांच्या दप्तरांत १८५८ च्या ३५ व्या कायद्याखालील अर्ज, पालकाचे हिशेब, मिळकतीच्या याद्या असे कागद येणें स्वाभाविक आहे. वंशावळ व वतनाचा तपशील उतरून घेऊन असे कागद बाजूस टाकण्याची आपणांस संवय आहे. ह्यापुढें तसें करूं नये. वेडा ठरविण्यासाठीं अर्ज कोणी केला, त्यास त्यांत लाभ काय होता, वैद्याचा दाखला जोडला आहे कीं नाहीं, ज्याच्याविषयीं अर्ज त्याचा जबाब कोठें आहे, आणि तो पुढें सुटला कीं तसाच मेला, एवढे प्रश्न प्रत्येक कागदास विचारावे. जेथें जबाबाची जागा कोरी असेल तेथें ती कोरी असल्याचीही नोंद करावी. ती कोरी जागाही पुरावाच होय.

त्याबरोबर एक पथ्य. ज्यांचे वंशज आज हयात आहेत, अशा घराण्यांतील रोग्यांचीं नांवें छापतांना हात आखडावा. रोग्याची गुप्तता राखण्याचा हक्क आजच्या कायद्यानें मानला आहे. तोच विवेक संशोधकानें मागील पिढ्यांच्या बाबतींत आपण होऊन पाळावा. ज्या माणसांस जिवंतपणीं कोणी विचारलें नाहीं, त्यांच्या कागदांशीं आपण तरी जपून वागावें, एवढीच आमची विनंति आहे.